दगूनाना आणि आवाजाचा ब्रेक

दगूनाना माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या कुकरबद्दल.

मी तेव्हा सातपूरच्या मागच्या अंगाला राहत होते. मोठ्या रस्त्यावरून एक फाटा खाली उतरतो, त्या उतारावर आमची दहा-बारा घरं. उतार संपतो तिथं एका शेठचं ट्रेलरचं यार्ड होतं. नवरा गेल्यावर मी डबे करून द्यायला लागले आणि त्यातले सात-आठ डबे यार्डातल्या ड्रायव्हर-क्लीनर लोकांचे असत. एक दिवस पांढरी टोपी घातलेला, पन्नाशीचा, काळा, किडकिडीत माणूस सायकल घेऊन दारापुढं थांबला. नाव सांगितलं नाही, डबा मागितला नाही. आत कुकर चालू होता. तो मान वाकडी करून ऐकत राहिला.

"आक्का, रिंग बदला," तो म्हणाला. "वाफ शिट्टीतून कमी आन कडेनं जास्त जाती."

"डबा पाहिजे का कुकर दुरुस्त करायचाय?"

"डबाबी पायजे. पन रिंग आधी बदला. भात कच्चा ऱ्हातो तुमचा. समदे म्हनत्यात. तुमच्या तोंडावर कोनी म्हनत नाय."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी रिंग बदलली, भात नीट व्हायला लागला, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. माझा स्वभाव तसा आहे. चूक गपचूप निस्तरते, तोंडानं कबूल करत नाही. मी चौथी शिकले. जी चूक निस्तरता येत नाही तिचं काय करायचं हे चौथीपर्यंत शिकवत नाहीत, आणि पुढंही शिकवत असतील असं वाटत नाही.

नाना सिन्नरच्या बाजूच्या एका खेड्यातले. बायको, ठकूबाई, तिकडं शेत बघायची. नाना यार्डातल्या पत्र्याच्या खोलीत राहायचे आणि खेप नसली की गावी जायचे. त्यांचा मेव्हणा सोपान त्यांच्याच गाडीवर क्लीनर होता. तोही चाळिशीचा बाप्या, पण नानांसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. नाना गाडीत चढताना चपला खाली काढत आणि सोपाननं त्या हातात घेऊन मागून चढायचं. घाटात नाना तंबाखू खात नसत, गूळ-शेंगदाणे खात. "तोंडात थुकी आसली की डोकं थुकायच्या जाग्यावर जातं," म्हणत. कांदा मुठीनं फोडायचे. कधी घाईनं बोलायचे नाहीत. आणि सगळं कानानं ओळखायचे. कुणाच्या पायांचा आवाज, कुणाचा पंखा, कुणाची शिलाई मशीन. सायकलच्या ट्यूबला बारीक भोक असेल तर लोक ती पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात. नाना ट्यूब कानाशी धरून हळूहळू फिरवायचे आणि अचूक जागेवर बोट ठेवायचे. वस्तीतली माणसं मुद्दाम पाणी आणून खात्री करायची. नाना तेवढा वेळ दुसरीकडं बघत उभे राहायचे. बुडबुडा तिथूनच यायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठनं बंदरावरून एक जुनी परदेशी गाडी आणली. ट्रेलर ओढणारी पुढची गाडी असते तिला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. हा घोडा फार ताकदीचा होता. सातपूरच्या कारखान्यांतली अवजड यंत्रं मुंबईच्या बंदरावर न्यायची तर कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो, त्यासाठी तो घेतला. दिला अर्थातच नानांच्या हातात. त्या गाडीला पायाच्या ब्रेकशिवाय आणखी एक ब्रेक होता. तो इंजिनातच होता आणि बटणावर चालायचा. आणि तो चालू झाला की जो आवाज व्हायचा, तो मी मेल्यावरच विसरेन. फट-फट-फट-फट. पत्र्यावर चार माणसांनी न थांबता काठ्या हाणाव्यात तसा. नाना खेप टाकून सकाळी परत येत, आमच्या उतारावर लागले की तो वाजे. घरातली भांडी फळीवर नाचत.

पहिल्याच आठवड्यात मी यार्डात जाऊन उभी राहिले.

"नाना, ही गाडी आहे का वरातीतला बँड? माणसं झोपलेली असतात."

"आक्का, तो आवाज नाय. बिरेक हाय."

"ब्रेकला आवाज कशाला लागतो?"

नानांनी सायकलचा पंप आणला. नळीच्या तोंडावर स्वतःचा अंगठा दाबला आणि मला म्हणाले, "दाबा दांडा."

मी डबे खाली ठेवून दांडा दाबला. निम्म्यापर्यंत गेला, मग जड झाला. मी अंगाचा भार टाकला.

"लागला का जोर?"

"लागला."

"आता सोडा."

मी सोडला. दांडा उसळून माझ्या हनुवटीला लागला. सोपान हसला, नाना हसले नाहीत.

"तुमी दिलेला जोर हवेनं तुमाला माघारी दिला. आता परत दाबा."

मी पुन्हा दाबला. दांडा खाली टेकत आला आणि नानांनी नळीवरचा अंगठा उचलला. फस्स झालं. मी हात सोडला, दांडा तिथंच राहिला.

"आता का नाय उसळला?"

"हवा गेली."

"हवेसंगं तुमचा जोर बी गेला. परत मिळनार नाय." नानांनी घोड्याकडं बोट केलं. "त्याच्या पोटात आसे सहा पंप हायेत. चढाला इंजिन गाडीला वडतं. उताराला उलटं, गाडी इंजिनाला फिरवती. डिझेल बंद. तवा हे सहा पंप नुसती हवा दाबत्यात, आन दाबायचा जोर कुनाचा? गाडीचा. आता ती दाबलेली हवा आत ठिवली तर काय करंल?"

"उसळेल."

"गाडीचा जोर गाडीला परत. फायदा काय? म्हनून बटन दाबलं की हवा पुरती दबल्या-दबल्या झडप उघडती. अंगठा काढला तसं. फट. मिन्टाला हजारो येळा. तुमच्या भांड्यांना जो धक्का बसतो ना, तो गाडीचा जोर हाय. भायेर चाललेला."

"मग पायाचा ब्रेक कशाला असतो?"

"त्यो घासून थांबिवतो. घासलं की तापतं, तापलं की धरत नाय. गावात ठीक हाय. घाट लय लांब आसतो, आक्का. ह्यो तापत बी नाय, झिजत बी नाय. फकस्त वरडतो."

मी म्हणाले, "सायलेन्सरमध्ये चिंध्या कोंबा." पण मला समजलं होतं. एवढं नीट मला शाळेतसुद्धा कुणी काही समजावलेलं नाही. म्हणून मी असं म्हणू शकत नाही की मला ठाऊक नव्हतं. मला अगदी पंपाच्या दांड्यापर्यंत ठाऊक होतं.

त्याच वर्षी वस्तीतल्या आम्ही अकरा बायका टेम्पो करून सप्तशृंगीच्या गडावर गेलो होतो. नानांची सुट्टी होती, त्यांनाही बायकांनी बरोबर घेतलं. पुरुष माणूस असलेला बरा म्हणून. उतरताना मध्येच गाडी एकदम शांत झाली. वाऱ्याचा तेवढा आवाज. एक जण म्हणाली, "बाई, किती बरं वाटलं." नाना मागं आमच्यात बसले होते, ते ताडकन उठले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागचा पत्रा बडवायला लागले.

टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरून आला. "काय झालं? कोणी पडलं का?"

"इंजिन का बंद केलं?"

"उतार आहे बाबा. न्यूट्रलला सोडली की आपोआप जाते. डिझेल वाचतं."

"गेरमधी टाक."

"अहो बाबा, इतक्या खेपा केल्यात मी."

"मंग आजची येकट्यानं कर." आणि नाना आमच्याकडं वळले. "उतरा समद्या."

अकरा बायका, नारळाच्या पिशव्या, प्रसादाचे पुडे, आणि डोक्यावर ऊन. सगळा उरलेला घाट चालवला त्या माणसानं आम्हाला. मी त्यांना वाटभर शिव्या घातल्या. "स्वतः बारा टायरची गाडी उडवता आणि आम्हाला टेम्पोचं भ्या घालता," असं म्हणाले. नाना पुढं चालत होते, एकदाही मागं वळले नाहीत. पायथ्याशी टेम्पो उभा होता, आणि काहीतरी जळाल्याचा वास सुटला होता. नानांनी एका बाईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि चाकाच्या मधोमध थोडं पाणी ओतलं. तव्यावर पडल्यासारखं ते चुर्र करून उडालं. ड्रायव्हर बघत राहिला. नाना मला म्हणाले, "उताराला गप झालेल्या गाडीत बसायचं नाय, आक्का."

पुढच्या वर्षी माझी मुलगी मंदा पहिल्या बाळंतपणाला आली. पोरगी आठव्या महिन्यातच झाली, मांजराच्या पिलाएवढी. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपा. जपायचं म्हणजे काय, तर पोर दूध ओढायला बघायची आणि थकून झोपायची. आणि सकाळी घोडा उतारावर आला की सगळं अंग ताठ करून दचकायची, मग तासभर रडायची. रडण्यात ताकद घालवली की दूध ओढत नसे.

मी नानांकडं गेले. या वेळी भांडले नाही, सरळ सांगितलं. नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"कडुलिंबापाशी बंद करीन," ते म्हणाले. कडुलिंब उताराच्या डोक्यावर होतं. "रिकामा ट्रेलर आसतो, पायाच्या बिरेकवर येईन. पन आक्का, येक हाय. ह्या उतारावर मी तो वाजवून बघतो. पुढच्या खेपंला नीट हाय का न्हाई ते हितं कळतं. घाटात कळून काय उपेग?"

"दुसरीकडे बघा वाजवून."

"दुसरीकडं बंदरापासून घाटापर्यंत सपाट, मंग चढ. आन हिकडं आल्यावर आपलाच उतार."

त्यांनी टोपी घातली. "ऱ्हाऊ द्या. बिरेकापरीस पोरगी मोठी."

दोन-तीन आठवडे गाडी गपचूप उतरली. नाना गावाहून बाळंतशेपा घेऊन आले, मंदासाठी. दारातूनच पोरीचं रडणं ऐकलं आणि म्हणाले, "छातीत ताकद यायला लागली बरं का." दोन दिवसांनी वजन केलं तर खरंच वाढलं होतं.

मग एक दिवस सकाळी तो वाजला.

नंतर कळलं ते असं. उताराच्या मध्यावर भाजीची हातगाडी आडवी आली, तिचं एक चाक गटारात अडकलेलं. नानांचा हात बटणावर गेला. क्षणभराचंच काम. पण मंदा तेव्हा पोरीला पाजत होती. पोर दचकली, दूध नाकात गेलं आणि ती निळी पडली. मी तिला पालथी घेऊन पाठीवर थापट्या मारल्या. किती मारल्या ते आठवत नाही. मग ती रडली.

नाना दारात आले होते. मी त्यांना आत येऊ दिलं नाही. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाले आणि दार लावलं. ते गावी निघून गेले, दोन दिवसांच्या सुट्टीवर.

मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. मी शेठकडं गेले. नुसती गेले नाही, वस्तीतल्या सहा बायका घेऊन गेले. सांगितलं, तो आवाज कायमचा बंद झाला नाही तर उद्यापासून आम्ही फाटकात बसू आणि एकही गाडी बाहेर जाऊ देणार नाही. शेठला त्या घोड्याची तशीही कटकट वाटत होती. ते म्हणाले, "मावशी, एवढं काय. माझ्या बाकीच्या गाड्या या नाटकाशिवायच घाट उतरतात. आजच काढून टाकतो."

दुपारी वायरमन आला. मी यार्डात डबे गोळा करत होते. तो घोड्याच्या केबिनमध्ये वाकून बसला, बटणाच्या मागची एक निळी वायर त्यानं तोडली आणि तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. बटण जागच्या जागी ठेवलं. खाली उतरून हात पुसत म्हणाला, "झालं मावशी. मुका केला."

मी त्याला चहा दिला. आलं घालून.

शेठ म्हणाले, "नानांना मी सांगतो." आणि संध्याकाळी ते येवल्याला कुणाच्या तरी लग्नाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गावाहून थेट यार्डात आले. ट्रेलरवर मोठं यंत्र साखळ्यांनी बांधून तयार होतं. मी डबा घेऊन गेले. नाना चाकांवर एकेक ठोका मारत, ऐकत फिरत होते. मला बघून थांबले.

"पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"चूक झाली, आक्का. हातगाडी आडवी आली पन तरी चूक ती चूकच. परत वाजनार नाय."

तेव्हा मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं: नाना, शेठनी काल वायर तोडायला लावली. एवढंच. ते सांगितलं असतं तर नानांनी गाडी हलवली नसती. वायरमनला बोलावून वायर जोडून घेतली असती आणि मगच निघाले असते. म्हणजे तो आवाज परत आला असता. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. आणि मी असंही मनाशी म्हटलं की शेठनी सांगितलं असेल, फोन केला असेल. ते खरं नाही हेही मला दिसत होतं, कारण सांगितलं असतं तर नाना असे शांत उभे राहिले नसते.

मी म्हणाले, "मेथी आहे आज. लवकर खा, नाहीतर कडू लागेल."

सोपाननं नानांच्या चपला उचलल्या. गाडी चढ चढून गेली.

पुढचं मला सोपाननं सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून. इगतपुरी सोडली, बटण दाबलं, रोजच्या गिअरमध्ये घाटाला लागले. नानांनी पाय उचलला आणि आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. बटण खाली-वर केलं. काही नाही. तोपर्यंत वजनानं गाडी ढकलायला सुरुवात केली होती. आणि अशा उतारावर गाडीनं एकदा वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही. नाना पायाच्या ब्रेकवर आले, दाबून-सोडून, दाबून-सोडून. दोन वळणं धरलं. तिसऱ्यापाशी धूर यायला लागला. पुढं एक काळी-पिवळी जीप चालली होती, मागच्या पायरीवरसुद्धा माणसं लटकलेली.

"दाजी मला म्हनले, उडी मार. मी म्हनलं, तुमी? तर वरडले, 'आरं मार भाड्या!' जल्मात पैल्यांदा शिवी दिली मला. मी मारली उडी. मंग त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. घासत, घासत. जीपच्या मागं थांबली, दोन हातांवर."

जीपमधल्या कुणाला काही झालं नाही. केबिनची डावी बाजू आत गेली आणि मागून यंत्र सरकून आलं. नानांचा ब्रेकवरचा उजवा पाय त्यात सापडला, तो गुडघ्याखालून काढावा लागला.

मी भेटायला गेले. ठकूबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती, पांघरूण जिथं सपाट झालं होतं तिथं हात ठेवून. नानांनी माझ्याकडं पाहिलं.

"कान गेला माझा, आक्का," ते म्हणाले.

मला वाटलं अपघातात ऐकू येईनासं झालं. मी मोठ्यानं म्हणाले, "काय?"

"वरडू नका, ऐकाया येतंय. त्या दिशी सकाळी उतारावर वाजला ना तो, तवाच त्याच्यात कायतरी बिगाड आसनार. येखादा पंप सुटलेला आसनार. मला कळाया पायजे होतं. पोरीच्या पायी मन थाऱ्यावर नव्हतं, ऐकलंच नाय मी नीट."

मी दाराकडं बघितलं. शेठ बाहेर उभे होते. परत निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मावशी, तुमच्याच सांगण्यावरून काढलं ते. विषय निघाला तर तुमचंही नाव निघेल." मग त्यांनी सगळीकडं सांगितलं ते असं: परदेशी जुना माल, आतून झिजला होता, आणि ड्रायव्हरनं आवाजातला फरक वेळेवर कळवला नाही. लोकांना पटलं. नानांनाही पटलं. केबिनचा चेंदा झालेला, निळी वायर कोण बघतो?

मी घाबरले होते, हे खरं. पण भीती महिना-दोन महिने असते. पुढची वर्षं मी भीतीनं गप्प नव्हते. एकदा गप्प बसलं की ते रोज थोडं सोपं होत जातं. नाना गावी गेले. यार्ड बंद झालं, शेठनं जागा विकली. नात मंदाच्या सासरी वाढली, धडधाकट झाली, चौथीत गेली. मी डबे करत राहिले. मला रोज आठवण यायची वगैरे असं काही नाही. उतारावर शांतता असायची तेव्हा यायची.

नवव्या वर्षी ठकूबाई मला बाजारात भेटली, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होते, तिनंच हाक मारली.

"कसे आहेत नाना?"

"हायेत. पंक्चरची टपरी घालून दिली गावच्या फाट्यावर. बसत्यात." तिनं जुडीची मुळं खुडली. "पन भरवसा नाय ऱ्हायला त्यांचा सोतावर. ट्यूब तीन-तीन येळा पान्यात बुडवत्यात. घरात कुकर वाजला की मला इचारत्यात, नीट वाजला का गं? म्यां म्हनलं, तुमी सांगायचं तर मलाच काय इचारता?"

मी कोथिंबीर घेतली नाही. घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सिन्नरची बस पकडली.

टपरी म्हणजे चार बांबू आणि एक पत्रा. समोर पाण्याचं घमेलं. नाना फळीवर बसले होते, कुबडी शेजारी. टोपी तीच, माणूस निम्मा झालेला. एक जण मोटारसायकल लावून पंक्चरसाठी थांबला होता. नाना ट्यूब घमेल्यात दाबून तिच्यावर वाकले होते, डोळे बारीक करून.

"आक्का," ते म्हणाले. "बसा. पोरगी?"

"चौथीत आहे." मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा पिऊन मी परत गेले असते. "नाना, तो ब्रेक बिघडला नव्हता. त्याची वायर तोडली होती. आदल्या दिवशी दुपारी. मी शेठला जाऊन भांडले म्हणून."

नानांचे हात पाण्यातच राहिले.

"कोन्ती वायर?"

"निळी. बटणाच्या मागची."

"तुमी पाह्यली तोडताना?"

"पाहिली. वायरमनला चहा दिला मी."

मोटारसायकलवाला आमच्याकडं बघत होता. नानांनी ट्यूब बाहेर काढली. पाणी निथळत होतं.

"सकाळी डबा आनला तवा ठाव हुतं?"

"होतं."

मी पुढं काहीतरी म्हणायला गेले. माफी मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं. नानांनी हात वर केला, ओला, आणि मी थांबले. मग जे विचारलं ते मी कधी अपेक्षिलं नव्हतं.

"त्या दिशी हातगाडी आडवी आली तवा वाजला तो. कसा वाजला?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा."

"नीट आठवून सांगा. आडखळला का मधी? येखादा ठोका कमी?"

मी आठवलं. पोर निळी पडलेली, आणि त्याच्या आधी, फळीवरची भांडी. "नाही. भांडी रोजच्यासारखीच नाचली. कुठं खंड नव्हता."

"म्हंजी सहाबी बरुबर हुते."

"बरोबर होते."

नाना मागं वळून टपरीच्या पाठीमागं, घराच्या दिशेनं ओरडले. "आगं ठके! आगं भायेर ये! कान बरुबर हुता माझा!"

ठकूबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. तिला काही कळेना. नाना तिला सांगत होते, भराभर, मी त्या माणसाला कधी एवढं घाईनं बोलताना ऐकलं नव्हतं. वायर म्हणत होते, निळी म्हणत होते, सहाबी बरुबर म्हणत होते, आणि हसत होते. माझं नाव त्यात आलं तेव्हा ठकूबाईनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं माझ्याकडं पाठ केली.

नाना शांत झाले आणि माझ्याकडं वळले. "जा आता," ते म्हणाले. आक्का म्हणाले नाहीत. रागानंही म्हणाले नाहीत. दुकानातल्या गिऱ्हाइकाचं काम संपावं, तसं म्हणाले.

मी रस्ता ओलांडून पलीकडं बसची वाट बघत उभी राहिले. नाना त्यानंतर पाच महिने होते, हे मला पुढं सोपानकडून कळलं. मी माती द्यायला गेले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि मीही जाण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. नऊ वर्षं जी गोष्ट मी पदराखाली दाबून ठेवली, ती त्यांना पाच महिने वापरायला मिळाली.

बस यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ मी समोर बघत होते. मोटारसायकलवाला काहीतरी म्हणाला आणि घमेलं नानांच्या पुढ्यात सरकवलं. नानांनी कुबडीच्या टोकानं ते बाजूला ढकललं. पाणी मातीत सांडलं. मग त्यांनी टोपी काढून फळीवर ठेवली, ट्यूब उचलली, कानाशी धरली आणि हळूहळू फिरवायला लागले. डोळे मिटले होते. माझी बस त्यांच्या आणि माझ्या मध्ये येऊन थांबली. मी चढले, पलीकडच्या खिडकीशी गेले आणि वाकून बघितलं. त्यांनी एका जागी बोट ठेवलं होतं.